सांग, कोनत्या विहिरीचं?

खोली दाखवायच्या आधी मावशीने मला जीभ दाखवायला सांगितली.

मी नर्स. लोकांना 'आ करा, जीभ काढा' म्हणायचं काम माझं. आणि इथे पाठीवर सॅक, हातात नेमणुकीचा कागद अशी मी तिच्या अंगणात उभी, आणि ही साठीची काटक बाई, सगळ्या गावाची मावशी, लुगड्याचा पदर कमरेला खोचून, मेथीचा वास येणाऱ्या बोटांनी माझी हनुवटी धरून माझ्या तोंडात डोकावत होती. तंबाखू खातेस का, सुपारी खातेस का, तिखट किती लागतं, सगळं विचारून झालं. मग तिने आतून दोन पेले आणले आणि माझ्यापुढे धरले.

"पी. अन् सांग, कोनत्या विहिरीचं?"

मी दोन्ही पेले प्यायले. एक जरा बरं लागलं, एक जरा कसंतरी. मी शेंदूरजनाघाटची. आमच्याकडे संत्र्याच्या बागा, आणि पाणी म्हणजे नुसतं पाणी. त्याला चव असते आणि ती ओळखायची असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, दोन्ही पाणीच आहे. मावशीने कपाळावर हात मारला, मग किल्ली काढून दिली आणि म्हणाली, "खोली घे. जिभेचं मंग पाहू."

गाव दर्यापूरपासून जीपने अर्ध्या तासावर. काळी जमीन, कपाशी आणि सोयाबीन, आणि जमिनीखाली सगळं खारं. खारपाणपट्टा हा शब्द मी नेमणुकीच्या कागदावर वाचला होता, पण त्याचा अर्थ मला पहिल्याच संध्याकाळी कुकरने समजावून सांगितला. दहा शिट्ट्या झाल्या तरी तुरीची डाळ वेगळी आणि पाणी वेगळं. साबणाला फेस येईना. केस धुतले तर त्यांची दोरी झाली. चहात दूध टाकलं की फाटायचं, आणि स्टीलच्या पेल्यावर रोज एक पांढरी रेघ उमटायची. गावात मुतखडा झाला नाही असं घर शोधावं लागायचं, आणि 'किडनी' हा शब्द शाळेची पायरी न चढलेल्या म्हाताऱ्यालाही येत होता. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी. पंचायतीने गोडं पाणी देणारं एक यंत्र बसवलं होतं, त्यावर कॅन भरून आणायचे, तेही चालू असेल तेव्हा.

आणि अशा गावात मावशीची विहीर तेवढी गोडी होती!

म्हणजे बारा महिने नाही. पाऊसकाळाचे दोनेक महिने सोडले तर तीही मचूळच. पण तिचा मळा नाल्याला लागून. पाऊसकाळात नाल्याचं पाणी झिरपून विहिरीत यायचं, आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर धरायचा. मावशीला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण ती बादली सोडणाऱ्याच्या डोक्यावर उभी राहायची. बादली धाडकन टाकायची नाही, खोल बुडवायची नाही, वरच्यावर अलगद भरायची. "वरचं उचल. खालचं झोपलं हाय, त्याले झोपू दे," असं ती म्हणायची. कुणी आपटून बादली टाकली तर त्याला दोन दिवस पाणी बंद, मग तो सरपंच का असेना.

त्या विहिरीच्या जोरावर मावशी मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक, वांगी पिकवायची आणि दर्यापूरच्या बाजारात नेऊन विकायची. तिच्या सांभाराला बाजारात नाव होतं. पण तिला स्वतःला भाजीचं फार कौतुक नव्हतं. तिला कौतुक पाण्याचं. रोज सकाळी गावातल्या विहिरींवरून फेरी मारायची, प्रत्येकीचं घोटभर पाणी तोंडात घ्यायची, डोळे मिटून घोळवायची, थुंकायची आणि निकाल सांगून पुढे जायची. काल थोडं कमी खारं होतं, आज चढलंय. याच्यात पालापाचोळा पडलाय, उपसा करा. ही आता माणसाच्या कामाची नाही, बैलांना पाजा. लोक हसायचे, पण उपसा करायचे.

माणसंही ती पाण्यावरून ओळखायची. अमका चिडका आहे कारण त्याच्या घरची विहीर कडवट, तमकीच्या पोरांचं अभ्यासात लक्ष नाही कारण ती बोअरचं पितात. सोयरीक आली की मुलाचं शिक्षण आणि शेती राहू द्या, आधी त्यांच्या गावचं पाणी. तिची भाची वैशाली, जिला तिने बहीण गेल्यावर चार वर्षांची असल्यापासून वाढवली, तिला अचलपूरहून स्थळ आलं. पाहुणे पोहे खायला बसले आणि मावशीने निरोपाप्रमाणे आणलेली बाटली मागितली. तिकडच्या विहिरीचं पाणी. तिने ते तोंडात घेतलं, डोळे मिटले, आणि नवरामुलगा अजून गाडी लावून आत यायचा होता तेवढ्यात हो म्हणून टाकलं. वैशाली मला हे सांगताना हसून हसून बेजार व्हायची, आणि शेवटी म्हणायची की नवरा मात्र खरंच चांगला निघाला.

एकदा शाळेत तिची परीक्षा झाली. विज्ञान दिन होता, हेडमास्तर हौशी. त्यांनी टेबलावर सात पेले मांडले, मावशीच्या डोळ्यांना रुमाल बांधला, सगळी शाळा आणि अर्धं गाव जमा. मी तर पहिल्या रांगेत, मुलांना ढकलून. पहिला पेला, पाटलांची विहीर. बरोबर! दुसरा, शाळेची हापशी. बरोबर! तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, प्रत्येक पेल्याला टाळ्या वाढत गेल्या. सातव्याला मावशी थांबली. पुन्हा एक घोट घेतला. मुलं श्वास रोखून बसली. मग तिने रुमाल काढला आणि शांतपणे म्हणाली की मास्तर, हे विहिरीचं नाही, स्टॅण्डवरच्या पंक्चरवाल्याच्या टपातलं आहे. हेडमास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण ते खरंच तिथलंच होतं. मी इतकी जोरात ओरडले की माझाच घसा दुखला. एवढं घाण पाणी तिने थुंकलं नव्हतं, गिळलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही.

आता तिचं आणि माझं भांडण कशावरून व्हायचं ते सांगते. दोन गोष्टींवरून.

पहिली गोष्ट, तिची पितळी वाटी. गावात मूल जन्मलं की पहिल्या दिवशी मावशी आपल्या विहिरीचं पाणी त्या वाटीत घेऊन जायची, त्यात करंगळीशेजारचं बोट बुडवायची, बाळाच्या जिभेवर एक थेंब ठेवायची आणि त्याला विचारायची, "सांग, कोनत्या विहिरीचं?" बाळ तोंड वेडंवाकडं करायचं, बायका हसायच्या, आणि मावशी म्हणायची की कळलं बरं याला. तीस वर्षं चाललेली रीत. अर्ध्या गावाची पहिली चव तिच्या बोटाची. आणि मी घरोघर सांगत फिरायची की सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, मध नाही, साखरपाणी नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. मी बाळंतिणीच्या खोलीच्या दारात आडवी उभी राहायची आणि ती माझ्या काखेखालून आत शिरायची. एका थेंबाने काय होतं, असं तिचं म्हणणं. माझ्या जिभेवर तो कुणी ठेवला नाही म्हणून तर मला काही समजत नाही, हे वर.

दुसरी गोष्ट टीसीएल. म्हणजे विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर. पंचायतीचा जलसुरक्षक, पन्नाशीचा, भरघोस मिशांचा गृहस्थ, सगळ्या गावाशी वाद घालून पावडर टाकायचा. पण मावशीच्या विहिरीपाशी आला की त्याच्या मिशा खाली यायच्या. ती विळा घेऊन काठावर बसलेली असायची.

"दहा महिने खारं पेतो आमी. दोन महिने देव गोडं देते, अन् तू त्यात दवाखान्याचा वास टाकतं?"

तो बिचारा तिच्या वाटणीची पावडर दुसऱ्या विहिरीत टाकून वहीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण करायचा. हे मला माहीत होतं. मी दोनदा त्याला बोलले, एकदा तिला बोलले, आणि मग गप्प बसले. का गप्प बसले ते सांगायची मला अजून लाज वाटते, पण सांगते. पाऊसकाळात एके दिवशी मावशीने विहिरीवरून आरोळी दिली, "गोडं झालं वं!" आणि गावात जो आनंद उसळला तो मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. बायका घागरी घेऊन पळत आल्या. पंचायतीच्या यंत्रापुढची रांग एका दिवसात संपली. घराघरातून शिजलेल्या वरणाचा वास! मी केस धुतले, फेस आला, दुसऱ्यांदा धुतले निव्वळ फेस बघायला. तीन शिट्ट्यांत डाळ शिजली आणि मी वाटी हातात घेऊन अंगणात नाचले. पाऊस सुरू झाल्यावर सगळ्या विहिरींचं पाणी बाटलीत घेऊन तपासायचं असतं. मी सगळ्यांचं घेतलं. मावशीचं घेतलं नाही. जे पाणी मी स्वतः इतक्या आवडीने पीत होते ते खराब असेल असा विचार माझ्या, नर्सच्या, डोक्यात आला नाही. खाऱ्या मुलखात राहून मीही त्यांच्यासारखीच झाले होते. गोडं म्हणजे चांगलं, संपलं.

वैशालीला पहिल्या बाळंतपणासाठी मावशीने सातव्या महिन्यातच आणून ठेवली होती. अचलपूरचं पाणी गोड खरं, पण ते आपलं नाही, असं तिचं म्हणणं. रोज सकाळी वरच्यावर भरलेली एक घागर फक्त वैशालीची. त्यात कुणी हात घालायचा नाही.

मग नाल्याकडच्या आळीत एक जण पिवळा पडला.

आठवड्यात चार झाले. ताप, उलट्या, जेवण नको, लघवी गडद, डोळे पिवळे. मी घरोघर फिरले, आणि प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारला, मावशीचाच प्रश्न. पाणी कोणत्या विहिरीचं? चारही घरांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, मावशीच्या. गोडं. शाळेकडच्या आळीतली माणसं लांब पडतं म्हणून हापशीचं खारं पाणी पीत होती. तिकडे एकालाही काही नव्हतं.

कावीळ गावात येते आणि जाते, धडधाकट माणसं विश्रांतीने उठून बसतात. पण पाण्यातून येणारी ही कावीळ पोटुशी बाईला झाली, आणि तीही शेवटच्या महिन्यांत, तर आईचं आणि बाळाचं काही सांगता येत नाही. आणि वैशालीला आठवा लागला होता. ती रोज त्या विहिरीची एक अख्खी घागर संपवत होती, कारण मावशीच तिला भरून भरून पाजत होती.

त्याच दुपारी मी उपकेंद्रातून दोन बाटल्या आणल्या. लहानशा काचेच्या बाटल्या असतात, आत औषध लावलेली कागदाची पट्टी. पाणी भरायचं, झाकण लावायचं, उबेत ठेवायचं. माणसाच्या किंवा जनावराच्या घाणीतले जंतू असतील तर एखाद्या दिवसात ते काळं होतं. एकीत मावशीच्या विहिरीचं भरलं, दुसरीत हापशीचं. दुसऱ्या दिवशी हापशीची बाटली होती तशी होती, आणि मावशीची शाईसारखी काळी. मी पळत मळ्यात गेले आणि दोन्ही तिच्यापुढे धरल्या.

"बाटल्या बदलल्या तू," मावशी म्हणाली.

मी समजावलं, ओरडले, हात जोडले. म्हटलं, मावशी, ज्या नाल्यामुळे तुमची विहीर गोड होते त्याच नाल्याला वर संडासांचे खड्डे आहेत, गोठे आहेत, पावसाने ते सगळं वाहून खाली येतं आणि झिरपतं. गोडी आणि घाण एकाच वाटेने येतात. ती पाठ फिरवून मेथी खुडत राहिली. शेवटी म्हणाली, "खारं चांगलं अन् गोडं खराब? असं कुठी असते का, पोरी?" आणि त्यानंतर माझ्याशी बोलणंच बंद. मी वैशालीला गाठलं, तिला म्हटलं ते पाणी पिऊ नको, उकळून तरी पी. ती हसली आणि म्हणाली की मावशीने चव घेतलीय. तिच्यासाठी विषय तिथेच संपला होता. मी चिडून जलसुरक्षकाकडे गेले, तो पावडरची पिशवी घेऊन निघाला आणि काठावर विळा पाहून परत आला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, तिचा कमी आणि माझा जास्त.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला मी पुन्हा दोन रिकाम्या बाटल्या घेऊन तिच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, मी हात लावत नाही. तुम्हीच भरा, तुम्हीच झाकण लावा, तुम्हीच सांभाळा. फक्त उबेत राहू द्या.

तिने बाटल्या माझ्या हातातून घेतल्या. मग स्वतः विहिरीवर गेली, वरच्यावर अलगद पाणी घेतलं, एक बाटली भरली. हापशीवर जाऊन दुसरी भरली. विहिरीच्या बाटलीला लाल दोरा बांधला, हापशीच्या बाटलीला पांढरा. आणि दोन्ही लुगड्याच्या ओच्यात, पोटाशी, एक डावीकडे एक उजवीकडे अशा खोवून टाकल्या. त्या तशाच घेऊन तिने स्वयंपाक केला, तशाच घेऊन झोपली, आणि सकाळी बाजाराचा दिवस म्हणून तशाच घेऊन भाजीच्या टोपल्यांसह जीपमध्ये बसली. मीही रजा टाकून शेजारी बसले. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण तिने मला उतरही म्हटलं नाही.

दर्यापूरच्या बाजारात तिने भाजी मांडली. मी मागे पोत्यावर बसून तिच्या कमरेकडे बघत होते. गिऱ्हाइकं येत होती, सांभाराच्या जुड्या उचलत होती, घासाघीस करत होती. दुपार होत आली. एक बाई पालकाच्या जुडीवरून हुज्जत घालत असताना मावशीने ओच्यात हात घातला आणि दोन्ही बाटल्या काढून उन्हात धरल्या.

पांढऱ्या दोऱ्याची निर्मळ होती. लाल दोऱ्याची काळीकुट्ट.

हुज्जत घालणारी बाई बघतच राहिली. मावशीने बाटली डोळ्याजवळ नेली, हलवली, झाकण नीट आहे का पाहिलं, दोऱ्याची गाठ आपलीच आहे का पाहिली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तीस वर्षं ज्या जिभेवर गाव चालवलं ती जीभ तिने बाहेर काढली आणि पुसली, लुगड्याच्या पदराने, एकदा, दोनदा.

"म्या माह्या हातानं पाजलं तिले," एवढंच ती म्हणाली, आणि उठली.

मग जी धावपळ झाली! पालक तिथेच, वांगी शेजारणीच्या हवाली, तराजू माझ्या काखेत. स्टॅण्डवर जीप उभी, पण दोन जागा रिकाम्या, आणि भरल्याशिवाय ड्रायव्हर निघेना. मावशी त्याच्याशी भांडली नाही. परत पळत गेली, मेथीच्या दोन टोपल्या उचलून आणल्या आणि त्या रिकाम्या जागांवर ठेवल्या. म्हणाली, "हे घे दोन सवाऱ्या. मेथी तुलेच. चाल आता." ड्रायव्हरने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. वाटेत प्रत्येक थांब्यावर लोक हात दाखवत होते आणि मावशी खिडकीतून ती काळी बाटली दाखवून ओरडत होती की थांबायचं नाही. लोकांना काही कळत नव्हतं, पण हात खाली येत होते. मीही ओरडत होते. इतक्या काळजीत असूनही मला आतून हुरूप आला होता, कारण ही बाई आता माझ्या बाजूने होती, आणि ही बाजूने असली की काही अशक्य नाही हे मला ठाऊक होतं.

घरी पोचल्यावर तिने वैशालीची घागर उचलली आणि सांभाराच्या वाफ्यात उपडी केली. मग जलसुरक्षकाला स्वतः हाताला धरून आणलं. त्याने पाण्याचा हिशेब लावून पावडर बादलीत कालवली, निवळू दिली, आणि विहिरीत ओतायला वाकला तर मावशीने बादली त्याच्या हातातून घेतली. "मी टाकतो. माही विहीर हाय," म्हणाली. स्वतःच्या हाताने ओतली. काठावर जमलेल्या बायकांना तिने सांगितलं की तिची जीभ खोटी ठरली, आजपासून पाणी उकळून प्यायचं आणि टीसीएलचा वास नसेल तर प्यायचंच नाही. तिने कारण लपवलं नाही, देवावर ढकललं नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हे पोरगी सांगून राह्यली होती. म्या ऐकलं नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण मी तिच्या विहिरीचं पाणी वेळेवर तपासलं असतं तर ही वेळच आली नसती. मी तिथेच सगळ्यांदेखत तेही सांगून टाकलं. मावशीने ऐकलं आणि मान हलवली. म्हणाली की मग दोघी सारख्याच.

पण वैशालीने आठवडे ते पाणी पोटात घेतलेलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं, ठीक आलं. डॉक्टर म्हणाले की हा आजार उशिरा उमटतो, लक्ष ठेवा. मग ते सहा आठवडे! रोज सकाळी विहिरींची फेरी बंद, आणि त्याऐवजी वैशालीला अंगणात उन्हात बसवून तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या खाली ओढायच्या. आधी मावशी बघणार, मग मी. "पांढरं?" "पांढरं." असं दोघींचं एकमत झालं की चहा. वैशाली हापशीचं उकळलेलं खारं पाणी पिताना नाक धरायची आणि आम्हाला शिव्या घालायची. त्यात एकदा तिने हळदीचा हात डोळ्याला लावला आणि मावशीने पिवळं बघून जी किंकाळी फोडली त्याने सगळी आळी गोळा झाली. आळीतली आजारी माणसं एकेक करून उठली, कामाला लागली. नवीन कुणी पिवळं पडलं नाही. आणि मावशी दारातून जाणाऱ्या प्रत्येक घागरीत नाक घालायला लागली. वास आला की जाऊ द्यायची. नाही आला की घागर परत.

वैशालीला कळा आल्या तेव्हा डोळे पांढरेशुभ्र होते. दर्यापूरच्या दवाखान्यात भर दुपारी मुलगी झाली, पावणेतीन किलोची, आणि रडली ती अशी की व्हरांड्यापर्यंत ऐकू आलं. मी आत होते. बाळ पुसून, गुंडाळून आईच्या छातीशी दिलं आणि मान वर केली तर दारात मावशी. हातात फडक्यात गुंडाळलेली ती पितळी वाटी!

सगळं झालं, सगळं कबूल केलं, आणि तरी ही वाटी घेऊन आली? मी उठले आणि नेहमीसारखी दारात आडवी झाले. ती नेहमीसारखी माझ्या काखेखालून आत शिरली. फडकं सोडलं. वाटी माझ्या नाकासमोर धरून तिरपी केली, मग उपडी केली. आत काही नव्हतं. घासून लख्ख केलेली, कोरडी ठणठणीत.

"रीतबी राहिली पायजे," ती म्हणाली, "अन् लेकरूबी."

मग तिने साबणाने हात धुतले, मी शिकवले होते तसे, कोपरापर्यंत. वाऱ्यावर वाळवले. ते बोट रिकाम्या वाटीत बुडवल्यासारखं केलं आणि बाळाच्या ओठांना लावलं. बाळाने ते कोरडं बोट तोंडात घेऊन जोराने ओढलं. मावशी हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. दुसऱ्या हाताने ते पुसत, बाळाच्या तोंडाजवळ वाकून, तिने तिला विचारलं,

"सांग, कोनत्या विहिरीचं?"